हाली ‘येतो’ म्हणाली होती

“येते न्हवं, येतो!” गवारीच्या शेंगा मोडता मोडता सारजाआक्का माझ्यावर खेकसली. “येते म्हणाया हाली काय पुण्याची हुती?”

मी मुकाट्यानं कागदावरचं ‘येते’ खोडलं आणि ‘येतो’ लिहिलं. चूक माझीच होती. आमच्या कोल्हापूरकडची बाई ‘मी येतो, मी जेवलो, मी दमलो’ असंच बोलते. वळिवड्यात राहून मराठी शिकलेली पोलंडची पोरगी तरी दुसरं काय बोलणार? मी स्वतः घरात ‘आलो-गेलो’च करते. लिहायला बसले की तेवढी शाळा आठवते.

शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर तोमाश बसला होता. पोलंडच्या दिल्लीतल्या वकिलातीतला अधिकारी, तिशीतला, उन्हानं नाक सोललेलं. त्यानं पोलिशमध्ये विचारलं, “काय म्हणाल्या आजी?”

“तुझ्या मंत्र्याच्या भाषणात एक अक्षर चुकलंय म्हणाल्या.”

त्यानं लगेच पेन काढलं आणि आपल्या वहीतही दुरुस्ती केली. पोरगा प्रामाणिक होता, हे आधीच सांगून टाकते. पुढं जे झालं त्यात त्याला बोल लावायचा नाही मला.

या गोष्टीला दहा-बारा वर्षं झाली. दुसऱ्या महायुद्धात रशियानं घरादारातून उचलून सैबेरियात नेलेली पोलिश माणसं, बहुतेक बायका आणि पोरं, फिरत फिरत हिंदुस्थानात पोचली आणि त्यांतली पाचेक हजार आमच्या वळिवड्याच्या छावणीत काही वर्षं राहिली. स्वातंत्र्य मिळालं, ती माणसं गेली, छावणीत सिंधी निर्वासित आले, तिचं गांधीनगर झालं आणि आता तिथं कापडाचा बाजार भरतो. त्या छावणीची आठवण म्हणून पोलंडचा एक उपमंत्री येणार होता. भाषांतराला पोलिश येणारं माणूस हवं होतं, आणि अख्ख्या जिल्ह्यात ते मी एकटी. माझा नवरा नोकरीसाठी क्राकोवला होता. आठ वर्षं मीही तिथं काढली. तो तिकडंच राहिला, मी परत आले. भाषा तेवढी माझ्या वाटणीला आली.

“तकडंच ठिवून आलीस व्हय नवऱ्याला?” आक्कानं पहिल्याच भेटीत विचारलं होतं. “बरं केलंस. उगं वझं कशाला आणायचं?”

आक्का अठ्ठ्याहत्तरची. लहानपणी आईबरोबर छावणीत ताक-दूध घालायला जायची. तिथं तिच्याच वयाची हालिना तिला भेटली. हालिनाची हाली झाली. हाली आक्काच्या म्हशीवर बसायची, आक्का हालीच्या आईच्या हातची बटाट्याची धिरडी खायची. पाचेक वर्षं दोघी एकमेकींना चिकटून होत्या. मग एक दिवस वळिवड्याच्या स्टेशनात आगगाडी लागली, आणि खिडकीतून हात काढून हाली म्हणाली, ‘सारजा, येतो गं.’

आणि त्यावर ही बाई बसून राहिली.

हे मी वाढवून सांगत नाही. तिचा मुलगा दिनकर पुण्याला नोकरीला, तिकडं त्यानं मोठा फ्लॅट घेतलेला. नवरा वारल्यापासून तो ‘आई, चल, आई, चल’ म्हणून मागं लागलेला. गुडघे गेले होते, एकदा मोरीत पडून मनगट मोडलं होतं. पण आक्का हलायला तयार नव्हती. घराचं दार रस्त्याकडून मागं वळवायचं ठरलं तेव्हासुद्धा तिनं गवंड्याला हाकलून दिलं होतं. हाली आली तर घर वळखणार कसं, म्हणून. गावात ते सगळ्यांना ठाऊक होतं. पोरंटोरं तिला चिडवायची, “आक्का, आली काय गं तुझी मडम?” तीही न चिडता सांगायची, “येईल की. येतो म्हणालीया.”

म्हणून वकिलातीच्या लोकांनी तिला व्यासपीठावर बसायला बोलावलं, तेव्हा तिनं एकच अट घातली. शाल नको, नारळ नको, टीव्हीवर दिसायची हौस नाही. ह्यांचं एवढं मोठं सरकार आहे, तर ह्यांनी हाली कुठं आहे ते शोधून सांगावं.

“विनया, इचार त्येला,” आक्कानं शेंगांची ताटली बाजूला सारली. “उद्या तर परोगराम. माझं काम केलं का न्हाई?”

मी विचारलं. तोमाशनं वही मिटली.

“सापडल्या,” तो म्हणाला.

मी आक्काकडं पाहिलं.

“आगं, काय म्हणतोय त्यो? मेली व्हय? मेली असंल तर मेली म्हण की सरळ!”

“सापडली, आक्का. जिवंत आहे.”

आक्का उठायला गेली, गुडघा धरून परत बसली. मग तिनं तोमाशचा हात ओढून घेतला आणि त्याच्या तळव्याचा मुका घेतला. तो बिचारा लालबुंद झाला. आक्का हसत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि एकामागून एक प्रश्न चालूच होते. “कशी हाय? पोरंबाळं किती? चालती काय नीट? दात हाईत का? माझं नाव काढलं का न्हाई?”

“उद्या कार्यक्रम झाला की त्यांचा फोन नंबर देतो,” तोमाश म्हणाला.

“उद्या का? आत्ता का न्हाई?”

तोमाशनं बुटांकडं पाहिलं. “उद्या,” तो म्हणाला.

गाडीत बसल्यावर मी त्याला धरलं. “नंबर तुझ्या खिशात आहे. म्हातारीला रात्रभर का टांगून ठेवतोस?”

“उद्या दुपारी देतो. नक्की देतो.”

“पण का?”

तो गांधीनगरच्या दुकानांवर टांगलेल्या चादरींकडं बघत राहिला. मग म्हणाला, “परवा दिल्लीत बोलणी आहेत. आमचा पूर्वेचा शेजारी, रशिया, तुला माहीत आहे. आमच्या मंत्र्यांना वाटतं, भारतानं आमच्या बाजूनं दोन शब्द बोलावेत. आता हे मागायचं कसं? नकाशे दाखवले, आकडे दाखवले, कोण ऐकत नाही. आजी दाखवली की ऐकतात.”

“आणि आजीची मैत्रीण? तिला का नाही बोलावलं?”

“बोलावलं होतं,” तो म्हणाला, आणि वही उघडली. जरा वेळानं त्यानं विचारलं, “तो शब्द, ‘येतो’. त्याचा अर्थ नेमका काय?”

“येणे. मी येतो.”

“म्हणजे परत येईन?”

“तसंच म्हणायचं,” मी म्हणाले. आक्का स्वतः तसंच धरून बसली होती, तिथं मी कोण शहाणपण करणारी?

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मांडवात गर्दी. शाळेची पोरं दोन्ही झेंडे घेऊन उन्हात उभी. लेझीम झालं, हलगी झाली, फेटे बांधून झाले. आक्का पहिल्या रांगेत नवं हिरवं इरकल नेसून बसली होती. नाकात नथ. मी जवळ गेले तर कानात म्हणाली, “रातच्याला झोपलोच न्हाई बघ. हालीला काय काय सांगायचं त्येची जुळणी करत बसलो. ती म्हस मेली ते सांगायचं का नगं?”

“सांगा की.”

“रडंल ती. लई जीव हुता तिचा.”

आधी आमचे पुढारी बोलले. त्यांनी छत्रपतींपासून सुरुवात केली आणि छावणी जणू त्यांच्या आजोबांनीच स्वतःच्या वावरात बांधून दिली अशा थाटात शेवट केला. खरं तर त्यांचे आजोबा तेव्हा कुठं होते हे मांडवातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं, पण टाळ्या जोरात पडल्या. मग पोलंडचे मंत्रीसाहेब उठले. उंच, देखणा माणूस, आवाज असा की कुणीही ऐकावं. ते एक वाक्य बोलायचे, थांबायचे, मी मराठीत सांगायची.

त्यांनी सैबेरियातल्या बर्फाचं सांगितलं. वाटेत मेलेल्या पोरांचं सांगितलं. ते खरंच घडलं होतं. मग त्यांनी आक्काकडं हात केला.

“एक लहान मुलगी या गावात मराठी शिकली. निघताना गाडीच्या खिडकीतून तिनं आपल्या मैत्रिणीला एका शब्दात वचन दिलं.” इथं ते थांबले, आणि मराठीत म्हणाले, “येतो.”

मांडवात कौतुकाची कुजबुज झाली. मंत्र्यांनी पुढचं पोलिशमध्ये सांगितलं आणि मी माईकवर मराठीत म्हटलं, “तिनं वचन दिलं, पण ज्यांनी तिचं घर हिरावलं होतं त्यांनी तिला ते पाळू दिलं नाही. आज स्वतंत्र पोलंड तिचं वचन पाळायला आलं आहे. सारजाबाई, मी आलो आहे.”

टाळ्यांचा कडकडाट. कॅमेरेवाले पुढं घुसले. मंत्रीसाहेब पायऱ्या उतरून आक्काजवळ आले, खाली वाकले आणि तिच्या खांद्यावर शाल घातली. मी माईक घेऊन मागं. टाळ्या थांबल्यावर ते पुढं म्हणाले, “आज तीच सावली पुन्हा आमच्या सीमेवर आहे. पण ज्यांनी तेव्हा आम्हाला घरात घेतलं, ते आज दारात उभे राहून नुसतं बघणार नाहीत.”

मी ते सांगितलं. आक्का त्यांच्या तोंडाकडं टक लावून बघत होती.

“ह्यो का आला?” तिनं मला विचारलं.

“हाली येतो म्हणाली होती ना? तिच्या बदली हे आले, असं म्हणताहेत.”

आक्का खुदकन हसली. खेड्यातली म्हातारी चुकलेल्या पाहुण्याला वाट दाखवते, तशा समजुतीच्या सुरात ती मंत्र्यांना म्हणाली, “आवं पावणं, तसं नसतंय त्ये. आमच्यात जाताना येतो म्हणत्यात. येतो म्हंजे जातो!”

माईक चालू होता. अख्खा मांडव हसला. कुणी शिट्टी मारली, कुणी “बरोब्बर, आक्का!” म्हणून ओरडलं. आमचे पुढारीसुद्धा फेटा सावरत हसले. हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं, आणि कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. आक्काही सगळ्यांबरोबर हसत होती.

आणि मग तिचं हसू थांबलं.

मी तिच्याजवळच उभी होते म्हणून मला दिसलं. तोंड उघडं तसंच राहिलं. ती मंत्र्यांकडं बघत होती, पण तिला ते दिसत नव्हते. तिनं हळूच खांद्यावरची शाल काढली आणि मांडीवर ठेवली.

“काय म्हणाल्या? लोक का हसले?” मंत्र्यांनी मला विचारलं.

मी जसंच्या तसं सांगितलं. आमच्याकडं निघताना माणूस ‘येतो’ म्हणतो. त्याचा अर्थ ‘जातो’ एवढाच.

माणूस कसलेला. पापणी लवायच्या आत त्यानं माईक हातात घेतला. “किती सुंदर!” तो म्हणाला. “ज्या लोकांच्या भाषेत निरोपालाही शब्द नाही, ते मित्राला कधी सोडतील का?”

मला ते भाषांतर करावं लागलं. पुन्हा टाळ्या. पुढं त्या शब्दाची तिकडं फार चलती झाली. दिल्लीतल्या मेजवानीत तो बोलला गेला, एका प्रदर्शनाला त्याचं नाव दिलं, बोलण्यांतून हवं ते मिळालं की नाही देव जाणे. तोमाश अधूनमधून कळवायचा. मी वाचायची आणि मोबाईल उलटा ठेवायची.

कार्यक्रम संपल्यावर तोमाशनं मला नंबर दिला. चेहरा उतरलेला होता. “एक सांगतो,” तो म्हणाला. “आमच्या लोकांना हालिनाबाईंनी दारातूनच परत पाठवलं. मी भारतात कधी गेलेच नाही, असं म्हणाल्या. पण गावाचं नाव ऐकून त्यांनी दाराची चौकट धरली होती म्हणे. कदाचित आजींशी बोलतील.”

“हे काल का नाही सांगितलंस?”

“काल सांगितलं असतं तर आज आजी आल्या असत्या का?”

मी आक्काला गाडीत घातलं आणि घरी निघालो. जाताना वटवट करत गेलेली बाई येताना खिडकीबाहेर बघत गप्प बसली होती. माझा जीव राहीना.

“आक्का, नंबर मिळालाय हालीचा. घरी गेल्यावर लावू या का?”

तिनं ऐकलं का नाही, कळेना. ती म्हणाली, “मीच शिकवलंतं गं तिला.”

“काय?”

“येतो म्हणाया. पयल्यांदा ती रोज सांजच्याला घरला निघाली की जातो म्हणायची. सरळ पोरगी. जायाचं तर जातो म्हणायची. आमची आई लई कावायची. जातो म्हणायचं नसतंय गं, जातो म्हणलेलं माणूस परत दिसत न्हाई. मग मी तिला धरून शिकवलं. जातो म्हणली की चिमटा काढायचा. दंडावर. काळानिळा पडायचा बिचारीचा दंड. मग शिकली. रोज जाताना म्हणायची, येतो गं सारजा. रोज!” आक्कानं माझा हात घट्ट धरला. “त्या दिशी गाडीतनंबी त्येच म्हणाली. रोजच्यागत. दुसरं काय म्हणंल? मीच शिकवलं आन् मीच धरून बसलो. खुळी का काय मी? सारा जलम गेला की गं माझा!”

ती रडली नाही. नुसती मान हलवत राहिली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. माझ्याच डोळ्यांतलं पाणी पुसायला रुमालही नव्हता, ओढणीनंच पुसलं.

घरी आल्यावर तिनं चहा नको म्हटलं. सोप्यात भिंतीला टेकून बसली. मला वाटलं, आता फोनचं नाव काढू नये. पण तीच म्हणाली, “लाव.”

“नक्की? तोमाश म्हणाला, ती कुणाशी बोलत नाही.”

“माझ्याशी बोलंल. लाव तू.”

मी लावला. बराच वेळ वाजत राहिला. मग एका म्हाताऱ्या बाईचा बारीक, सावध आवाज आला. मी पोलिशमध्ये माझं नाव सांगितलं आणि भारतातून बोलतेय म्हणाले.

“मी त्या लोकांना सांगितलंय,” ती म्हणाली. “मी भारतात कधी नव्हते. माझं लहानपण अनाथाश्रमात गेलं.” पाठ केलेल्या कवितेसारखं, एका सुरात.

“मी सरकारकडून नाही बोलत. मी सारजाच्या घरून बोलतेय. ती इथं माझ्याशेजारी बसलीय.”

पलीकडं काही ऐकू येईना. मला वाटलं, ठेवला फोन. पण श्वास ऐकू येत होता.

“काय म्हणती?” आक्कानं विचारलं. मी हातानंच थांब म्हटलं.

“ऐका बाई,” हाली म्हणाली. आता आवाज वेगळा होता, थकलेला. “आम्ही परत आलो तेव्हा इथं रशियाच्या मुठीतलं सरकार होतं. कचेरीतल्या माणसानं माझ्या आईला समोर बसवून सांगितलं, रशियानं तुम्हाला कुठं नेलं नव्हतं. नेलंच नाही तर सैबेरिया कुठला, आणि सैबेरिया नाही तर भारत कुठला? मुलीला नीट शिकवा म्हणाला. आईनं शिकवलं. मारून शिकवलं. मी नवऱ्याला सांगितलं नाही. मुलाला सांगितलं नाही. आता नवीन माणसं फुलं घेऊन येतात आणि म्हणतात, सांगा, देशाला हवंय. माझा मुलगा पन्नाशीचा आहे. तो मला विचारतो, आई, आणखी काय काय खोटं बोललीस?” तिनं दम घेतला. “मला कुणाच्या व्यासपीठावर यायचं नाही. मला कुठंच यायचं नाही. तिला सांगा, चुकीचा नंबर लागला.”

मी फोनवर हात ठेवला. खोटं सांगायचं मनात आलं होतं, पण आक्का माझ्याकडं अशी बघत होती की ते जमेना. सगळं सांगितलं. कचेरीतला माणूस, आईचा मार, मुलाचा प्रश्न, चुकीचा नंबर, सगळं.

आक्कानं शांतपणे ऐकून घेतलं. “आण हिकडं,” म्हणाली.

“आक्का, तिला मराठी आता काय येत असणार?”

“आण म्हणतो न्हवं!”

तिनं फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

“हाली? मी सारजा. आगं, मी सारजा बोलतोय. ताकवाली. ऐक. तू यायचं न्हाईस बघ. आजाबात यायचं न्हाईस. वाईट वाटून घ्यायचं न्हाई. तू कायबी वायदा केला न्हवतास, त्ये येतो म्हणाया मीच तुला शिकवलंतं, चिमटं काढून काढून. लई दुखलं असंल न्हवं तुला? मला तवा कळत न्हवतं गं. तुझ्या आईनं मारलं, मीबी मारलं. समद्यांनी तुला बोलायाच शिकवलं. तुला वाटंल त्ये कुणी बोलूच दिलं न्हाई बघ, हाली. आता कुणी म्हणलं, भारतात हुतीस काय, तर न्हाई म्हण खुशाल. मी काय रागावत न्हाई. तुझ्या पोराला म्हणावं, आईला तरास देऊ नगं. म्हस म्हातारी होऊन मेली, सुखानं मेली. ऐकतीस न्हवं?”

ती थांबली. कान देऊन बसली. मला पलीकडचं काहीच ऐकू येत नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत मी उभी होते. आक्काचे ओठ हलत होते. “व्हय,” ती एकदा म्हणाली. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, अगदी हळू, “व्हय, बाय.”

तिनं फोन कानावरून काढला आणि माझ्यापुढं धरला. तो बंद झाला होता.

“बोलली?” मी विचारलं. “मराठीत? काय म्हणाली?”

आक्का माझ्याकडं बघत राहिली.

“जातो म्हणाली,” ती म्हणाली.

आणि मग ती रडायला लागली. घरातलं माणूस गेल्यावर आमच्याकडच्या बाया रडतात तशी, मोठ्यानं, जमिनीवर हात आपटत. नवं इरकल चुरगाळलं, नथ ओघळून मांडीवर पडली. मी तिला धरायला बघत होते, ती मला आवरेना. आवाज ऐकून शेजारच्या बाया हातातलं काम टाकून धावत आल्या आणि दारातूनच विचारायला लागल्या, “काय झालं गं आक्का? कोण गेलं? दिनकरचं तर बरं हाय न्हवं? सांग की गं, कोण गेलं?”

“हाली गेली गं,” आक्का म्हणाली. “माझी हाली गेली.”